धागा: कामगारांच्या नोंदी एन्क्रिप्ट करायच्या, पण तपासणीच्या दिवशी उघडायच्या कशा?

सातपूर_एचआर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतलं मशिनिंग युनिट. कायम कामगार १४०, ठेकेदारामार्फत ९०, म्हणजे २३० माणसांच्या फायली. सध्या पगार एका सॉफ्टवेअरमध्ये, हजेरी बायोमेट्रिक मशीनमध्ये, आधार-पॅन-पासबुकच्या प्रती ऑफिस सर्व्हरच्या एका शेअर फोल्डरमध्ये आणि वारस नोंदीचे फॉर्म कपाटात. ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये 'वैयक्तिक माहिती एन्क्रिप्ट करा', म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करा, असा शेरा आलाय. व्यवस्थापनाचं म्हणणं, सगळंच कुलूपबंद करून टाका.

अडचण अशी की पीएफ, ईएसआय किंवा कारखाना निरीक्षकांनी नोंद मागितली तर ती त्याच दिवशी दाखवावी लागते. सात वर्षांपूर्वी सोडून गेलेला कामगार सर्व्हिस सर्टिफिकेट मागायला आला तर त्यालाही नाही म्हणता येत नाही. नेमकं काय एन्क्रिप्ट करायचं, किल्ली कोणाकडे ठेवायची आणि किती वर्षांनी काय पुसायचं? नुसतं 'चांगलं सॉफ्टवेअर घ्या' नको, पायऱ्या सांगा.

अंबड_आयटी

पहिली पायरी सॉफ्टवेअरची नाहीच, कागद-पेनाची आहे. एक तक्ता करा. डावीकडे नोंदीचा प्रकार, मग ती कोण वाचतं, महिन्यातून किती वेळा वाचतं, किती वर्षं ठेवायची, आणि शेवटचा रकाना 'किल्ली हरवली तर काय अडेल'. तो शेवटचा रकाना भरल्याशिवाय कशालाही कुलूप लावू नका. किल्ली नोंदीइतकी वर्षं जगली पाहिजे. कुलूप कितीही भक्कम असो, किल्ली सापडली नाही तर नोंद जाळल्यासारखीच.

मग दोन थर करा. खालचा थर म्हणजे संपूर्ण डिस्क. प्रत्येक लॅपटॉप, सर्व्हर आणि बॅकअपची बाहेरची डिस्क एन्क्रिप्ट. मशीन चोरीला गेलं, डिस्क दुरुस्तीला गेली, जुना सर्व्हर भंगारात गेला, यासाठी हा थर पुरतो. रोजच्या कामात त्याची अडचण जाणवत नाही, म्हणून इथे अपवाद ठेवू नका.

वरचा थर निवडक रकान्यांना: आधार, पॅन, बँक खातं, वैद्यकीय माहिती, शिस्तभंगाची कागदपत्रं. नाव, कामगार क्रमांक, विभाग, रुजू तारीख, हजेरी हे रकाने वरच्या थरात घेऊ नका. त्यांच्यावर रोज शोध, क्रमवारी आणि बेरजा चालतात. ते एन्क्रिप्ट केले की रिपोर्ट बंद पडतात, आणि मग कोणीतरी सगळं एक्सेलमध्ये काढून डेस्कटॉपवर ठेवतं. म्हणजे कुलूप लावून माहिती जास्तच उघडी पडते.

बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्क एन्क्रिप्शन) वापरणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. त्याची रिकव्हरी की ४८ आकड्यांची असते. लॅपटॉप सेटअप करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं त्याच खात्यात ती जाते. सेटअप व्हेंडरच्या मुलाने स्वतःच्या खात्याने केला असेल तर तुमच्या पगाराच्या लॅपटॉपची किल्ली त्याच्या खात्यात आहे. आजच तपासा. दुसरं, बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी संरक्षण 'सस्पेंड' करा, नाहीतर मशीन सुरू होताना तोच ४८ आकडी क्रमांक मागेल, आणि तो नेमका पगाराच्या दिवशी मागेल. तिसरं, मशीन बदललं की किल्ल्यांच्या रजिस्टरमध्ये जुन्या क्रमांकाखाली नवा लिहा. डिस्क स्क्रॅपमध्ये जाईपर्यंत जुनी नोंद फाडू नका.

पीएफ_चलन

तक्त्यातला 'किती वर्षं' हा रकाना भरायला मदत करतो.

वेतन प्रदान अधिनियम १९३६ खालच्या नोंदवह्या शेवटच्या नोंदीपासून ३ वर्षं. ईएसआयची कामगार नोंदवही शेवटच्या नोंदीपासून ५ वर्षं. कंपनी असाल तर हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं, आणि पगारपत्रक हे त्या पुस्तकांचं व्हाउचर असल्याने तेही त्यातच धरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्यात, पण त्याआधीच्या काळाचा वाद जुन्या नोंदींवरच चालणार. त्यामुळे 'कायदा बदलला' म्हणून जुनं काही पुसू नका.

पीएफचं वेगळं आहे. कागदावरची मुदत काहीही असली तरी कामगाराचा पेन्शनचा दावा ५८ व्या वर्षी येतो. नाव, जन्मतारीख, रुजू तारीख किंवा सोडल्याची तारीख जुळत नसेल तर मालकाच्या नोंदीवरच दुरुस्ती होते. म्हणून यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक), जुना पीएफ क्रमांक, रुजू-सोड तारखा, पगार आणि बिनहजेरीचे दिवस एवढा सांगाडा कायमचा ठेवा. एका माणसाचा सांगाडा वर्षाला बारा ओळींचा. त्यात आधार नको, बँक खातं नको. तो वेगळ्या फाइलीत ठेवला की बाकीचं मुदतीनंतर निर्धास्त पुसता येतं.

आता माहिती कुठून गळते ते. डेटाबेस सहसा नीट असतो, गळते ती अपलोडच्या फाइलीतून. पीएफची ईसीआर, म्हणजे दर महिन्याची वर्गणीची यादी, ही साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक ओळीत यूएएन, नाव, एकूण पगार, पीएफचा पगार, वर्गणी, मध्ये #~# ही खूण. नोटपॅडमध्ये उघडते आणि पोर्टलला ती उघडीच लागते, एन्क्रिप्ट करून चढवता येत नाही. ईएसआयची एक्सेल आणि बँकेची बल्क पेमेंट फाइल यांचंही तेच. १५ तारखेच्या आधी या तिन्ही फाइली 'डाउनलोड्स'मध्ये, ईमेलच्या 'सेंट'मध्ये आणि पेनड्राइव्हवर साचतात, मग तिथेच वर्षानुवर्षं पडून राहतात.

उपाय सोपा आहे. एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर 'चालू महिना' नावाचा एकच फोल्डर करा. पगार सॉफ्टवेअरचा एक्स्पोर्ट आणि ब्राउझरचं डाउनलोड दोन्ही तिथेच वळवा. चलन भरलं की टीआरआरएन (चलनाचा संदर्भ क्रमांक), चलन आणि पावती वर्षाच्या फोल्डरमध्ये हलवा, कच्च्या फाइली पुसा, रिसायकल बिनही रिकामी करा. ही कामं महिन्याच्या चेकलिस्टमध्ये ओळ म्हणून लिहा, सहीसकट.

बँकेच्या फाइलीला चोरीपेक्षा फेरफाराचा धोका जास्त. एक्स्पोर्ट झाल्यापासून अपलोड होईपर्यंत कोणी एक खाते क्रमांक बदलला तर एन्क्रिप्शन काही करू शकत नाही. त्यासाठी नग आणि एकूण रक्कम पगारपत्रकाशी जुळवा, मागच्या महिन्यापेक्षा बदललेल्या खात्यांची यादी वेगळी काढा आणि बँकेत भरणारा एक, मंजूर करणारा दुसरा ठेवा.

सातपूर_एचआर

पीएफ_चलन, सांगाडा वेगळा काढायची कल्पना फार कामाची, धन्यवाद. दोन प्रश्न आणखी.

१. पगार स्लिपच्या पीडीएफला जन्मतारखेचा पासवर्ड लावतो. तो चालेल का?
२. आधार एन्क्रिप्ट केल्यावर 'हा माणूस आधी दुसऱ्या ठेकेदाराकडून येऊन गेलाय का' हे कसं शोधायचं? आज आधार क्रमांकावरच शोधतो. सॉफ्टवेअरवाल्याने आधारचा हॅश, म्हणजे क्रमांकावरून गणिताने काढलेला ठसा, ठेवायचा सल्ला दिलाय.

डेटाबेसवाली

पहिल्याचं उत्तर आकड्यात. कामगारांचं वय १८ ते ६० धरलं तर जन्मतारखा ४२ गुणिले ३६५, म्हणजे १५,३३०. एवढे पासवर्ड साधा लॅपटॉपसुद्धा सहज संपवतो. शिवाय जन्मतारीख वाढदिवसाच्या फलकावर लावलेली असते. रुजू होताना प्रत्येकाला १० अक्षरांचा यादृच्छिक पासवर्ड छापून बंद पाकिटात द्या, नाहीतर स्लिप मेल न करता लॉगिन असलेल्या पोर्टलवर ठेवा. एक्सेलची 'प्रोटेक्ट शीट' ही सोय चुकून सूत्र पुसू नये यासाठी आहे, ते एन्क्रिप्शन नव्हे. फाइल उघडतानाच पासवर्ड विचारणारं 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' वेगळं, आणि तेही नव्या एक्सएलएसएक्स स्वरूपातच करा. जुन्या एक्सएलएस फाइलींचं कुलूप कमकुवत. झिप करायचीच तर एईएस-२५६ ही भक्कम पद्धत निवडा. जुनी झिपक्रिप्टो पद्धत सहज फुटते, आणि साध्या झिपमध्ये आतल्या फाइलींची नावं पासवर्डशिवाय दिसतात. 'निलंबन आदेश – अमुक तमुक' असं फाइलीचं नाव असेल तर माहिती तिथेच फुटली.

दुसऱ्यासाठी: नुसता हॅश नको. आधार १२ आकडी, पहिला आकडा ० किंवा १ नसतो, शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठरतो. उरले सुमारे ८,००० कोटी पर्याय. ऐकायला खूप वाटतात, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड एसएचए-२५६ या हॅश पद्धतीचे सेकंदाला शेकडो कोटी हिशेब करतं. तुमची पूर्ण यादी मिनिटाच्या आत उलगडेल.

करायचं असं. एका रकान्यात आधार एईएस-२५६-जीसीएमने एन्क्रिप्ट करून. शेजारच्या रकान्यात त्याच आधारचा एचमॅक, म्हणजे गुप्त किल्ली मिसळून केलेला हॅश. ही ३२ बाइटची किल्ली डेटाबेसच्या बाहेर राहते. नवा माणूस आला की त्याच्या आधारचा एचमॅक काढायचा आणि शेजारच्या रकान्यात शोधायचा. मूळ आधार उघडावाच लागत नाही. दोन कामांना दोन वेगळ्या किल्ल्या.

आता चुका कुठे होतात.

एचमॅक काढण्याआधी क्रमांक एकसारखा करा. कार्डावर तो चार-चार-चार असा मोकळी जागा सोडून छापलेला असतो. एकाने जागेसकट टाकला, दुसऱ्याने सलग टाकला, तर एचमॅक वेगळा येतो आणि तोच माणूस दोनदा नोंदला जातो. आपल्याकडे आणखी एक: मराठी कीबोर्ड चालू राहिला की आकडे देवनागरीत जातात. डोळ्यांना तोच क्रमांक, संगणकाला निराळा. म्हणून आधी जागा काढा, देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदला, लांबी १२ आहे का ते बघा, शेवटचा पडताळणी आकडा तपासा, मगच पुढे.

रकान्याची लांबी वाढवा. १२ अक्षरांचा आधार एन्क्रिप्ट झाल्यावर १२ बाइट नॉन्स (दर वेळी नवा घेतलेला आकडा), १२ बाइट मजकूर आणि १६ बाइट पडताळणी खूण मिळून ४० बाइट होतो, बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिल्यावर, ५६ अक्षरं. जुना रकाना २० अक्षरांचाच ठेवला तर ढिल्या सेटिंगचा मायएसक्यूएल जास्तीचं छाटून टाकतो, आणि छाटलेलं परत कधीच उघडत नाही. चाचणीत हे लक्षात येत नाही, कारण चाचणी 'सेव्ह झालं का' एवढीच होते. सेव्ह करून लगेच परत उघडा, मूळाशी जुळवा, मगच उघडा रकाना पुसा.

एकाच किल्लीखाली नॉन्स कधीही दुसऱ्यांदा वापरायचा नाही. एन्क्रिप्ट करताना कामगार क्रमांक जोड-माहिती म्हणून बांधा. तो बांधला नाही तर डेटाबेसमध्ये हात घालू शकणारा माणूस एकाच्या ओळीतलं एन्क्रिप्टेड बँक खातं उचलून दुसऱ्याच्या ओळीत चिकटवू शकतो आणि सॉफ्टवेअर ते निमूट उघडतं. बांधलं असेल तर तिथेच चूक दाखवतं. पगाराच्या बाबतीत याचं मोल मोठं आहे.

अंबड_आयटी

+१, विशेषतः छाटलेल्या रकान्याबद्दल. एसक्यूएल सर्व्हरचं टीडीई वापरणाऱ्यांसाठी जोड देतो. ते डिस्कवरची फाइल आणि बॅकअप एन्क्रिप्ट करतं, पण लॉगिन असलेल्याला सगळं उघडंच दिसतं. म्हणजे तो खालचाच थर, त्याला वरचा समजू नका. टीडीई सुरू करताना प्रमाणपत्र त्याच्या खासगी किल्लीसकट दुसऱ्या जागी काढून ठेवलं नाही तर नव्या सर्व्हरवर बॅकअप चढवताना ३३१११ क्रमांकाची चूक येते: सर्व्हर प्रमाणपत्र सापडत नाही. बॅकअप समोर आहे, पण उपयोग शून्य. प्रमाणपत्र बदललं तरी जुनं ठेवावंच लागतं, कारण जुने बॅकअप त्याच्यावरच उघडतात. ८ वर्षांचे बॅकअप असतील तर ८ वर्षांची प्रमाणपत्रं.

लिनक्सवाल्यांनी लक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) हेडरची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. सुरुवातीच्या त्या छोट्या भागात बिघाड झाला तर पासवर्ड पाठ असूनही डिस्क उघडत नाही. टॅलीव्हॉल्टचा (टॅलीतल्या माहितीच्या कुलपाचा) पासवर्ड विसरला तर परत मिळत नाही, तोही सीलबंद पाकिटात गेला पाहिजे.

कायदा_टेबल

एन्क्रिप्ट केलेली नोंद कायद्याच्या दृष्टीने 'ठेवलेली' मानायची का, हा मूळ प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहिते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चं कलम ७ इलेक्ट्रॉनिक नोंद सांभाळायला परवानगी देतं, पण अटींवर: माहिती पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे. किल्ली हरवलेली फाइल या अटीत बसत नाही. 'सर्व्हरवर आहे पण उघडत नाही' हे उत्तर 'नोंद नाही' इतकंच.

उलट बाजूला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि सुरक्षेची मुख्य जबाबदारी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होते. नियमांत एन्क्रिप्शन, मास्किंग (माहितीचा काही भाग झाकणं), कोण काय वाचू शकतं यावर नियंत्रण, वापराचे लॉग आणि बॅकअप हे सगळं एकत्र आलंय. लॉग एक वर्ष ठेवायचे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. काम संपलं की माहिती पुसायची, पण दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेली असेल तर नाही. म्हणून पीएफ_चलन यांनी सांगितलेली मुदतींची यादी हाच तुमचा बचाव. प्रत्येक मुदतीपुढे कायद्याचं नाव लिहा. 'लागेल कधीतरी' हे कारण चालणार नाही.

न्यायालयासाठी एक सवय लावा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य लिहायला जागा आहे. हा हॅश मूळ पीडीएफचा, एन्क्रिप्ट करण्याआधी काढा आणि वेगळ्या यादीत नोंदवा. एन्क्रिप्ट झालेल्या फाइलीचा हॅश काढून ठेवलात तर किल्ली बदलून पुन्हा एन्क्रिप्ट केल्यावर तो जुळणार नाही, आणि नाशिकच्या कामगार न्यायालयात उलटतपासणीला आयता मुद्दा मिळेल.

लैंगिक छळ प्रतिबंध कायदा २०१३ ची प्रकरणं एचआरच्या फोल्डरमध्ये ठेवूच नका. कलम १६ गोपनीयता मागतं आणि ती एचआर व आयटीकडूनही हवी. अंतर्गत समितीचा वेगळा एन्क्रिप्टेड कंटेनर (फाइली ठेवायचा कुलूपबंद डबा), एक किल्ली पीठासीन अधिकारी मॅडमकडे, दुसरी बाहेरच्या सदस्याकडे. समितीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची, तेव्हा बदल होताना किल्ली सोपवल्याची नोंद इतिवृत्तात घ्या.

द्राक्ष_पॅकहाउस

दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातल्या पॅकहाउसचा प्रश्न जोडते. जानेवारी ते एप्रिल हंगाम. मुकादम एका सकाळी तीस-चाळीस बायामाणसं आणतो आणि सगळ्यांच्या आधारचे फोटो व्हॉट्सॅपवर पाठवतो. सर्व्हर वगैरे काही नाही, एक लॅपटॉप आणि सुपरवायझरचा फोन. इथे कुठून सुरुवात करायची?

अंबड_आयटी

ताई, इथे एन्क्रिप्शनच्या आधी प्रतींची संख्या कमी करा. एक फोटो किती ठिकाणी जातो बघा: मुकादमाचा फोन, त्याची गॅलरी, गुगल फोटोचा बॅकअप, तुमच्या सुपरवायझरचा फोन, त्याची गॅलरी, त्याचा बॅकअप, लॅपटॉप. सात प्रती, त्यातल्या सहांवर तुमचा ताबा नाही.

मुकादमाकडून फोटो घेणं बंद. गेटवर लॅपटॉपला साधा स्कॅनर लावा किंवा कंपनीचा एकच फोन ठेवा, गॅलरीचा क्लाउड बॅकअप बंद करून. पीएफ-ईएसआयच्या नोंदणीला पूर्ण क्रमांक लागतो, तो पोर्टलवर भरा. तुमच्याकडे ठेवायची प्रत मास्क केलेल्या आधारची, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ई-आधारची पीडीएफ उघडीच समजा, तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष, सगळ्यांना माहीत. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट, बॅकअपच्या दोन डिस्क आलटून पालटून, त्याही एन्क्रिप्ट. त्यातली एक पॅकहाउसच्या बाहेर. हंगाम संपला की फोन रिकामा करा आणि तसं रजिस्टरमध्ये लिहा.

कारखाना_आरोग्य

वर ३, ५ आणि ८ वर्षं आली, पण सगळ्यात लांब मुदत राहिली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत, म्हणजे प्लेटिंग, रसायनं, काही रंगकाम, कामगाराची आरोग्य नोंद नोकरी सुरू झाल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायची असते. कामगाराला स्वतःची नोंद पाहायचा हक्क आहे. कारण उघड आहे: क्रोमियमचा किंवा सिलिकाचा त्रास वीस-पंचवीस वर्षांनी बाहेर येतो, आणि तेव्हा त्या माणसाकडे पुरावा म्हणून तेवढा एकच कागद असतो.

४० वर्षांत सॉफ्टवेअर दहा वेळा बदलेल. म्हणून आरोग्य नोंद कुठल्याही पॅकेजच्या आतल्या स्वरूपात अडकवू नका. पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपायच्या फाइलींसाठीचं पीडीएफ) मध्ये काढा. पण लक्षात घ्या, पीडीएफ/ए स्वरूपात एन्क्रिप्शनला परवानगीच नाही. फाइलीला पासवर्ड लावला की ती पीडीएफ/ए राहत नाही. त्यामुळे फाइल उघडी आणि ज्या कंटेनरमध्ये ती ठेवली तो एन्क्रिप्टेड, अशी रचना करा. दर पाच वर्षांनी नव्या माध्यमावर आणि गरज असेल तर नव्या पद्धतीच्या कुलुपात हलवा. हॅशची यादी सोबत असली की हलवताना काही बिघडलं का ते कळतं. बॅकअपसाठी एसएसडी कपाटात ठेवून विसरू नका, वीज नसताना तिच्यातला मजकूर हळूहळू उडतो.

एचआयव्हीचा अहवाल कोणी आपणहून दिला तर तो या फाइलीतही ठेवू नका. २०१७ च्या कायद्याने त्याला वेगळं संरक्षण आहे. तो फक्त कारखान्याच्या डॉक्टरांकडे.

पीएफ_चलन

बरोबर, आणि डीएससी टोकनने (डिजिटल सहीच्या यूएसबीने) फाइली एन्क्रिप्ट करू नका हेही इथेच सांगतो. काही जण फॉर्म १६ च्या सहीचं टोकन त्याही कामाला वापरतात. सहीचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं. खासगी किल्ली टोकनच्या बाहेर काढता येत नाही. चुकीचा पिन काही वेळा टाकला की टोकन लॉक, इनिशियलाइज केलं की किल्ली कायमची गेली. ४० वर्षांच्या नोंदीला तीन वर्षांची किल्ली कशी पुरेल?

सातपूर_एचआर

मग एका कामगाराची वैद्यकीय फाइल ४० वर्षं, बँक खातं फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब) आणि हिशेबाच्या मुदतीपर्यंत, पगार ८ वर्षं. पुसायचं एकेक करून कसं? जुन्या बॅकअपमधून एका माणसाचं खातं काढणं तर अशक्यच वाटतं.

डेटाबेसवाली

बॅकअपमधून काढायचं नाही, किल्ली नष्ट करायची. प्रत्येक कामगाराला मुदतीच्या गटागणिक वेगळी किल्ली द्या: ओळखपत्रं, बँक, पगार, वैद्यकीय. २३० गुणिले ४, म्हणजे ९२० किल्ल्या. प्रत्येकी ३२ बाइट धरले तर सगळ्या मिळून २९,४४० बाइट, एका फोटोपेक्षाही कमी. या सगळ्या एका मुख्य किल्लीखाली एन्क्रिप्ट करून एका छोट्या तक्त्यात ठेवा. मुदत संपली की त्या माणसाच्या त्या गटाची किल्ली पुसा. जुन्या बॅकअपमध्ये मजकूर राहील, पण कोणालाच वाचता येणार नाही.

हे एका अटीवर चालतं. किल्ल्यांच्या तक्त्याचा बॅकअप मुख्य बॅकअपपासून वेगळा आणि कमी मुदतीचा हवा, समजा शेवटचे ९० दिवस. तो आठ वर्षं साठवलात तर पुसलेली किल्ली जुन्या प्रतीतून परत येते आणि पुसण्याला अर्थच राहत नाही. आणि पुसण्याआधी खटला, पीएफ थकबाकीची ७-अ ची चौकशी किंवा अपघाताचा दावा चालू नाही ना, हे तपासणारा एक रकाना ठेवा. 'थांबवा' अशी खूण असेल तर सॉफ्टवेअरने पुसूच नये.

मुख्य किल्ली बदलली तर फक्त ९२० किल्ल्या नव्याने एन्क्रिप्ट कराव्या लागतात, सगळा मजकूर नाही. एचमॅकच्या किल्लीला मात्र ही सवलत नाही. ती बदलली की प्रत्येक आधार उघडून एचमॅक पुन्हा काढावा लागतो. तेव्हा ती किल्ली सुरुवातीपासूनच फार जपा.

अंबड_आयटी

मुख्य किल्ली कागदावर कशी ठेवायची ते नीट लिहितो, कारण सगळी इमारत त्या कागदावर उभी आहे.

३२ बाइटची किल्ली सोळा-आधारी अंकांत ६४ चिन्हांची होते. चार-चारच्या १६ गटांत छापा, खाली किल्लीचं नाव, तारीख आणि तपासणी बेरीज (टाइप करताना चूक झाली तर कळावी म्हणून). लेझर प्रिंटरवरच छापा. इंकजेटची शाई पावसाळ्यातल्या दमट कपाटात पसरते, आणि थर्मल कागद एका उन्हाळ्यात पांढरा पडतो. प्रिंटरला स्वतःची मेमरी असेल तर छापल्यावर ती रिकामी करा.

किल्ली एकाच माणसाकडे नको. शमीर पद्धतीने तीन भाग करा, कुठलेही दोन जुळले की किल्ली मिळते. एक भाग मालकांकडे, एक एचआर प्रमुखांकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये. पाकिटाच्या जोडावर सही आणि तारीख. भाग जोडायचं सॉफ्टवेअर आणि एका पानाची कृतीही त्याच पाकिटात, कारण दहा वर्षांनी पाकीट उघडणारा माणूस वेगळा असेल. कोणी नोकरी सोडली तर त्याच्या फुल अँड फायनलच्या कागदातच 'किल्लीचा भाग परत घेतला' ही ओळ घाला आणि नवे तीन भाग करा.

वर्षातून दोनदा सराव. कार्यालयातलं नसलेलं मशीन घ्या, इंटरनेट काढा, सगळ्यात जुना बॅकअप घ्या, दोन पाकिटं उघडा आणि एका सोडून गेलेल्या कामगाराची पूर्ण फाइल छापून दाखवा. घड्याळ लावा. अर्ध्या दिवसाच्या वर वेळ गेला तर कृतीच्या पानात काहीतरी राहिलंय. ते शोधून पान पुन्हा लिहा, नवी पाकिटं सीलबंद करा.

कायदा_टेबल

तपासणीच्या दिवसाबद्दल. निरीक्षकांना लॉगिन देऊ नका, डेटाबेसची प्रतही देऊ नका. मागितलेल्या कालावधीची हजेरी आणि पगारपत्रक पीडीएफ काढा, त्या कामाला लागत नसेल तर आधार मास्क करा. चालू आणि मागच्या वर्षाच्या नोंदवह्या महिना संपताच पीडीएफ करून एका एन्क्रिप्टेड लॅपटॉपवर आधीच तयार ठेवा, म्हणजे सर्व्हर बंद असला तरी काम अडत नाही. पेनड्राइव्ह द्यायचा झाला तर तो एन्क्रिप्टेड आणि पासवर्ड वेगळ्या मार्गाने. काय दिलं, कोणत्या पत्रावरून, कोणाला, याची पोच घ्या. माहिती फुटल्याचं लक्षात आलं तर सर्ट-इनला (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) ६ तासांत कळवायचं असतं, हे फोन नंबरांसकट भिंतीवर लावून ठेवा.

सातपूर_एचआर

बायोमेट्रिक मशीनचं राहिलं. आणि ठेकेदाराच्या ९० माणसांच्या नोंदी कोणी ठेवायच्या?

डेटाबेसवाली

मशीनमध्ये बोटाचा फोटो नसतो, टेम्प्लेट असतं, म्हणजे ठशावरून काढलेल्या खुणांची नोंद. पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. बऱ्याच मशीनची कम्युनिकेशन की कारखान्यातून शून्यच येते. ती बदला, मशीन ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळ्या भागात ठेवा आणि राउटरवरून तिला बाहेरची वाट उघडू नका. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी टेम्प्लेट पुसा, हजेरीच्या वेळा तेवढ्या ठेवा. मशीन दुरुस्तीला पाठवण्याआधी सगळी टेम्प्लेट पुसली का, ते दोघांनी बघून सही करा.

पीएफ_चलन

ठेकेदाराच्या माणसांचे मूळ कागद ठेकेदाराकडेच राहू द्या. तुम्ही मुख्य मालक म्हणून दर महिन्याला हजेरी, पगार दिल्याचा पुरावा आणि पीएफ-ईएसआय चलनाची यादी घ्या, त्यात आधार आणि बँक खातं नको. ठेकेदाराने वर्गणी बुडवली तर वसुली तुमच्यावर येते, म्हणून ही यादी तुमच्या कुलुपात, तुमच्या किल्लीखाली हवी. 'ठेकेदाराकडे आहे' यावर विसंबू नका.

पगाराचं काम बाहेरच्या संस्थेला दिलं असेल तर करारात चार ओळी घाला: किल्ली कोणाच्या ताब्यात, करार संपल्यावर किती दिवसांत सगळं परत, कोणत्या स्वरूपात, आणि त्यांच्याकडची प्रत पुसल्याचं लेखी पत्र. यादी यूटीएफ-८ मध्येच मागा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. जोड कागदांच्या फाइलींना कामगार क्रमांकाचं नाव हवं. करार चालू असतानाच एकदा पूर्ण एक्स्पोर्ट मागवून स्वतःच्या मशीनवर उघडून पाहा. सोडायची वेळ आल्यावर मागितलं तर त्यांना घाई नसते.

सातपूर_एचआर

सगळ्यांचे आभार. सोमवारपासून तक्ता भरायला घेते. शेअर फोल्डरमधल्या आधारच्या प्रती आधी, मग लॅपटॉपच्या रिकव्हरी की कोणाच्या खात्यात आहेत त्याचा शोध. तक्ता झाला की रिकामा नमुना इथेच टाकते.

कारखाना_आरोग्य

नमुन्यात वैद्यकीय नोंदीची ओळ घालताना रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दोन्ही घ्या. ४० आणि १५ यातलं नंतरचं कोणतं, ते त्याशिवाय काढता येत नाही.